रेंज आहे, पण नेट नाही

७ जून २०१०. सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉस्कोनी सेंटरमध्ये स्टीव्ह जॉब्स नवा आयफोन दाखवत होते. समोर खचाखच भरलेलं सभागृह, मागे भलामोठा पडदा आणि पडद्यावर एका वर्तमानपत्राचं पान, जे काही केल्या उघडेना. जॉब्स थांबले, हसले, वेळ मारून नेली. पान जागचं हलेना. थोड्या वेळाने पडद्यामागच्या मंडळींनी कारण शोधून काढलं. त्या घटकेला सभागृहात ५७० वाय-फाय बेस स्टेशनं चालू होती. जो तो बातमी सगळ्यांच्या आधी देण्यासाठी स्वतःचा हॉटस्पॉट घेऊन आला होता. शेवटी जॉब्सनी श्रोत्यांनाच साकडं घातलं की लॅपटॉप मिटा, खाली जमिनीवर ठेवा, आणि शेजाऱ्याने ठेवलाय का तेही जरा बघा.

गंमत अशी की बिनतारी लॅपटॉप सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती दिला तोही याच माणसाने, त्याआधी अकरा वर्षं. त्याला जे चुकलं नाही ते आपल्याला कसं चुकेल?

नवा लॅपटॉप घरी येतो, खोका फोडला जातो, कोपऱ्यात वाय-फायचा पंखा उमटतो, पासवर्ड टाकला जातो आणि तिथेच गाडी अडते. मग ठरलेले विधी सुरू होतात. राउटर बंद करून चालू. लॅपटॉप बंद करून चालू. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला हाक. अखेर केबलवाल्याला फोन. तो म्हणतो, "आमच्याकडून ओके आहे." दुकानदार म्हणतो, "पीस ओके आहे, साहेब." पुष्कळदा दोघंही खरंच बोलत असतात. बिघाड दोघांच्या मधल्या हवेत असतो, आणि त्या हवेचा इतिहास लॅपटॉपपेक्षा बराच जुना आहे.

तो सुरू होतो स्वयंपाकघरातून. रेथिऑन कंपनीतले पर्सी स्पेन्सर यांना रडारच्या मॅग्नेट्रॉनवर काम करताना त्याने अन्न तापतं हे ध्यानात आलं, आणि १९४५ मध्ये त्यांनी मायक्रोवेव्ह ओव्हनसाठी पेटंटचा अर्ज केला. १९४७ मध्ये अटलांटिक सिटी इथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत रेडिओलहरींची वाटणी झाली, तेव्हा औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय यंत्रांसाठी काही पट्टे वेगळे काढले गेले. त्यांतला एक २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा. या यंत्रांना काही बोलायचं नसतं, ती नुसती तापवतात आणि कलकलाट करतात. त्यामुळे रेडिओवाल्यांच्या लेखी हे पट्टे म्हणजे गावाबाहेरचा उकिरडा होता. तिथे घर बांधायला कोण जाणार?

९ मे १९८५ रोजी अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने त्याच उकिरड्यावर वस्तीला परवानगी दिली. मायकेल मार्कस या तिथल्या अभियंत्याने हा प्रस्ताव पुढे रेटला होता. ९०० मेगाहर्ट्झ, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५.८ गिगाहर्ट्झच्या आसपासचे तीन पट्टे, ठरावीक पद्धतीने संदेश पसरवून पाठवणाऱ्या यंत्रांना विनापरवाना खुले झाले. अट साधी होती. दुसऱ्याला हानिकारक त्रास द्यायचा नाही, आणि दुसऱ्याचा त्रास झाला तर तो निमूट सोसायचा. जागा फुकट, पण तक्रार ऐकायला कोणी नाही. चाळीतल्या सामायिक गॅलरीचा कारभार याहून वेगळा नसतो.

या कराराची किंमत अजूनही रोज मोजली जाते. ओव्हनची ताकद हजारेक वॅट, वाय-फायची जेमतेम एक दशांश वॅट. म्हणजे ओव्हनच्या दारातून दहा हजारावा हिस्सा झिरपला तरी तो राउटरच्या तोडीस तोड. साध्या ओव्हनचा मॅग्नेट्रॉन विजेच्या प्रत्येक आवर्तनात निम्मा वेळच पेटतो. आपल्याकडे ५० हर्ट्झची वीज असल्याने २० मिलिसेकंदांतले १० मिलिसेकंद गोंगाट आणि १० मिलिसेकंद शांतता, असा ठेका चालू राहतो. म्हणूनच दूध तापत असताना नेट पुरतं मरत नाही, लंगडतं.

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीला तर या ओव्हनने वर्षानुवर्षं चकवलं. १९९८ पासूनच्या नोंदींत तिथे काही चमत्कारिक स्पंदनं दिसत होती. अंतराळातून येणाऱ्या स्फोटांसारखीच ती वाटत, पण ती पृथ्वीवरचीच असावीत असा संशय होता. २०१५ मध्ये एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी छडा लावला. कुणीतरी घाईत, ओव्हन थांबण्याची वाट न पाहता दार उघडत होतं आणि त्या क्षणी लहर निसटत होती. ही दुर्बीण ज्या संस्थेची, त्या सीएसआयआरओचं नाव वाय-फायच्या इतिहासात वेगळ्याच कारणाने येतं. त्याकडे वळूच.

त्याआधी हवाईला जायला हवं. बेटाबेटांवर विखुरलेली कॉलेजं विद्यापीठाच्या मुख्य संगणकाला जोडायची, तर समुद्राखालून तारा टाकणं परवडणारं नव्हतं. सर्फिंगचे शौकीन प्राध्यापक नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये रेडिओचा मार्ग काढला आणि त्याला नाव दिलं अलोहानेट. सगळ्यांनी एकाच लहरीवर, वाटेल तेव्हा बोलायचं. दोघांचं बोलणं एकमेकांवर आदळलं, तर प्रत्येकाने मनाला येईल तितका वेळ थांबून पुन्हा बोलायचं. रीत अफलातून सोपी, पण गणित कठोर. या पद्धतीत वाहिनीची फार तर १८ टक्के क्षमता कामी येते, बाकीची टकरा आणि शांतता यांत जाते. वाय-फाय जरा शिष्टाचाराने वागतं, आधी कान देऊन ऐकतं आणि मग बोलतं. स्वभाव मात्र तोच. पोच आली नाही की थांबायचं, पुन्हा प्रयत्न करायचा, दरवेळी थांबण्याची मुदत वाढवत न्यायची. मॉस्कोनी सेंटरमध्ये ५७० जण एकमेकांसाठी थांबत होते. यंत्र एकही बिघडलेलं नव्हतं.

मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही इमारतीत रात्री नऊ वाजता हेच घडतं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल तेरा दिसतात, पण ती एकमेकांच्या अंगावर चढलेली आहेत. एकमेकांना धक्का न लावता बसू शकतील अशी तीनच, १, ६ आणि ११. वीस फ्लॅट, तीन बाक. त्यात घरातला एखादा जुना फोन लांबच्या खोलीतून रखडत बोलत असला, तर त्याचं संपेपर्यंत नव्याकोऱ्या लॅपटॉपलाही ताटकळत बसावं लागतं.

एफसीसीने उकिरडा खुला केला, पण तिथे पहिलं पक्कं घर बांधायला निघाले ते गल्ला मोजणारे लोक. एनसीआर म्हणजे मूळची नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी. दुकानाची मांडणी बदलली की गल्ल्याच्या यंत्रांच्या तारा नव्याने ओढाव्या लागत, आणि ती कटकट तिला संपवायची होती. तिच्या नेदरलँड्समधल्या केंद्रात वेव्हलॅन नावाचं बिनतारी कार्ड तयार झालं. तिथलेच व्हिक हेज १९९० पासून दहा वर्षं, मानकं ठरवणाऱ्या आयईईई या संस्थेच्या ८०२.११ या समितीचे अध्यक्ष होते. समितीला पहिलं मानक पुरं करायला १९९७ उजाडलं. वेग सेकंदाला एक किंवा दोन मेगाबिट. त्यातही एकमत न झाल्याने तीन रीती एकाच मानकात कोंबल्या गेल्या. एक अवरक्त किरणांची, एक लहरीवरून लहरीवर उड्या मारणारी आणि एक संदेश पसरवून पाठवणारी. दोन कंपन्यांची यंत्रं दोन्ही 'मानकानुसार' असूनही एकमेकांशी बोलत नसत. 'सगळं बरोबर आहे, तरी जुळत नाही' हे रडगाणं असं जन्मापासूनचं आहे.

उड्या मारण्याच्या रीतीवरून हॉलिवूडची नटी हेडी लमार हिला वाय-फायची जननी ठरवणाऱ्या पोस्ट दरवर्षी फिरतात. तिने आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी १९४२ मध्ये अशा युक्तीचं पेटंट मिळवलं हे खरं आणि कौतुकाचंही आहे. पण ती पाणतीरांसाठी होती, आणि आजच्या वाय-फायने उड्यांची रीत केव्हाच टाकून दिली आहे.

न जुळण्यावर उतारा म्हणून १९९९ मध्ये काही कंपन्या एकत्र आल्या आणि यंत्रं तपासून शिक्का देऊ लागल्या. 'आयईईई ८०२.११बी' हे नाव गिऱ्हाइकाच्या तोंडी बसणार नाही हे ओळखून त्यांनी इंटरब्रँड या संस्थेकडून नवं नाव बनवून घेतलं. वाय-फाय या शब्दाला अर्थ नाही. 'वायरलेस फिडेलिटी' हे त्याचं पूर्ण रूप नव्हे, ते नंतर जोडलेलं शेपूट आहे.

आता ऑस्ट्रेलियाकडे. राउटर आणि लॅपटॉप यांच्यात लहर एकाच वाटेने जात नाही. ती भिंतीवर, कपाटाच्या आरशावर, लोखंडी ग्रिलवर आदळून अनेक वाटांनी, मागेपुढे पोचते, आणि प्रतिध्वनींचा काला होतो. सीएसआयआरओतले रेडिओखगोलशास्त्रज्ञ जॉन ओ'सुलिव्हन यांनी पूर्वी, स्फोट पावणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे क्षीण सिग्नल शोधण्याचा प्रयत्न केला होता. कृष्णविवरं काही सापडली नाहीत. पण विस्कटलेला सिग्नल निवडण्याचं त्या कामातलं गणित खोलीतल्या प्रतिध्वनींवर लागू पडलं. १९९६ मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं, आणि पुढे कोर्टकज्जे होऊन २००९ आणि २०१२ च्या तडजोडींत संस्थेला मिळून ४० कोटींहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. तरीही गणिताला मर्यादा आहेतच. राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर किंवा देवघरातल्या आरशाशेजारी ठेवणाऱ्यांना कृष्णविवरंही वाचवू शकत नाहीत.

२१ जुलै १९९९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्ड मेळ्यात जॉब्सनी आयबुक दाखवला. पान उघडून ठेवून लॅपटॉप उचलला, चालू लागले, आणि कुठे तार नाही हे पटवायला तो हुलाहूपच्या कड्यातून आरपार फिरवला. आतलं एअरपोर्ट नावाचं बिनतारी कार्ड ल्यूसंट कंपनीच्या तंत्रावर, म्हणजे त्याच वेव्हलॅनच्या वंशातलं होतं. किंमत ९९ डॉलर, बेस स्टेशन २९९ डॉलर. मार्च २००३ मध्ये इंटेलने सेंट्रिनो आणलं आणि कार्ड वेगळं घेण्याची गरज हळूहळू संपली.

गरज संपली, पण कार्ड लॅपटॉपच्या पोटात गेल्याने बिघाडही पोटात गेला. त्या काळच्या पुष्कळ लॅपटॉपच्या कडेला वाय-फायचा एक बारीक खटका असे. पिशवीतून काढताना तो सरकला की माणूस दिवसभर सेटिंगं धुंडाळत बसे. पुढे खटका गेला आणि एफएनसोबत दाबायची कळ आली, मग विमानाचं चित्र आलं. 'वाय-फाय दिसतच नाही' म्हणणाऱ्याला आजही पहिला प्रश्न विमानाचाच विचारावा. काही कंपन्यांनी तर कार्डावरच पहारा बसवला. आयबीएमच्या आणि पुढे लेनोव्होच्या थिंकपॅडमध्ये यादीबाहेरचं कार्ड लावलं, तर '१८०२' हा आकडा दाखवून यंत्र सुरू व्हायलाच नकार देई.

कारभारी कोण यावरूनही भांडणं होती. २००१ च्या विंडोज एक्सपीने वाय-फाय जोडण्याचं काम स्वतःकडे घेतलं, पण कार्डवाल्या कंपन्यांचे आपापले प्रोग्राम आधीच तिथे ठाण मांडून होते. दोघंही तोच सिग्नल ओढायला बघत, आणि विंडोज हात झटकून 'हे जोडणं मला जमत नाही' असा निरोप देई. लिनक्सवाल्यांचे हाल निराळे. ब्रॉडकॉमच्या चिपची माहितीच बाहेर येत नसल्याने काही हौशी प्रोग्रामरांनी ती उलटी उकलून ड्रायव्हर लिहिला, आणि तो २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात गेला. कंपनीने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला २०१० मध्ये. तोवर विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सवर टोपी घालून चालवण्याचा जुगाड लोक करत होते.

या वंशातली एक अडचण अजून धडधाकट आहे. नव्या लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकलं, आणि वाय-फायची चिप त्या विंडोजपेक्षा तरुण निघाली, तर ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर हवा तर इंटरनेट हवं, इंटरनेट हवं तर ड्रायव्हर हवा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ते हेच. यावर तोडगा खिशातच असतो. फोन केबलने लॅपटॉपला जोडावा आणि यूएसबी टेदरिंग चालू करावं. बिनतारी यंत्र बहुधा तारेनेच शुद्धीवर येतं.

पासवर्डची कथा मात्र मुंबईपर्यंत येते. १९९७ च्या मानकासोबत वेप नावाचं कुलूप आलं होतं. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी त्याच्या मुळातलाच दोष दाखवला, आणि २००७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी ते मिनिटाच्या आत उघडून दाखवलं. तोवर डब्ल्यूपीए आणि डब्ल्यूपीए-२ आले होते. तरी आपल्याकडे कित्येक घरांत कुलूपच नव्हतं. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. जबाबदारी घेणाऱ्या ई-मेलचा माग काढत पोलीस नवी मुंबईतल्या एका घरापर्यंत पोचले. तिथलं वाय-फाय उघडं होतं आणि भलत्यानेच ते वापरलं होतं. त्यानंतरचे असेच ई-मेलही मुंबईतल्या दुसऱ्यांच्या उघड्या वाय-फायवरून गेले. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांची पथकं लॅपटॉप घेऊन रस्तोरस्ती उघडी वाय-फाय हुडकायला निघाली. पासवर्ड ही गोष्ट मुंबईकराने संगणकतज्ज्ञाकडून कमी आणि पोलिसांच्या धाकाने जास्त शिकली, असं म्हणायला हरकत नाही.

कुलपं बदलत गेली की किल्ल्या अडतात. डब्ल्यूपीए-३ हे २०१८ चं. नवा लॅपटॉप जुन्या राउटरच्या मोडकळीला आलेल्या कुलपावर नाक मुरडतो, आणि नव्या राउटरचं कुलूप जुन्या प्रिंटरला कळत नाही. पासवर्ड अगदी बरोबर असूनही 'जोडता येत नाही' असं उत्तर येतं, त्यामागे पुष्कळदा हे दोन पिढ्यांचं भांडण असतं.

भारतात तर मुळात हवेवरच कुलूप होतं. १९३३ च्या कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरलं. पोस्टात जाऊन रेडिओच्या लायसन्सचे पैसे दरवर्षी भरणारी पिढी अजून आपल्यात आहे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरही विनापरवाना वापरण्याची मोकळीक देणारी अधिसूचना निघाली जानेवारी २००५ मध्ये. ५ गिगाहर्ट्झमधली ६०५ मेगाहर्ट्झ जागा मोकळी व्हायला ऑक्टोबर २०१८ लागलं. अमेरिकेने ६ गिगाहर्ट्झचा पट्टा २०२० मध्येच खुला केला. आपल्याकडे त्याच्या खालच्या हिश्शाचा मसुदा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या काळात ज्यांनी 'सिक्स-ई' लिहिलेले लॅपटॉप घेतले, त्यांनी ज्या रस्त्यासाठी पैसे मोजले तो रस्ता इथे नव्हताच. उलट बाजूही आहे. अमेरिकेत चॅनेल ११ पर्यंतच वापरतात, आपल्याकडे १३ पर्यंत. भाच्याने अमेरिकेहून आणलेल्या लॅपटॉपला घरचं वाय-फाय दिसत नाही आणि सगळ्यांच्या फोनला दिसतं, तेव्हा राउटर बारा-तेरावर तर बसलेला नाही ना, हे बघावं.

५ गिगाहर्ट्झच्या काही भागात हवामानखात्यांची रडारं आधीपासून आहेत. तिथे राउटरने निदान मिनिटभर मुकाट्याने ऐकायचं आणि रडार नसल्याची खात्री झाली तरच बोलायचं, असा नियम आहे. राउटर चालू केल्याबरोबर एक नाव दिसतं आणि 'फाइव्ह-जी' शेपटीचं दुसरं नाव उशिरा उगवतं, ते अनेकदा या अदबीमुळे. तेवढ्यात धीर सुटून पुन्हा बटण दाबणारे लोक त्याला पुन्हा मिनिटभर मौनात पाठवतात.

आणि शीर्षकातली तक्रार? पंखा भरलेला, शेजारी 'नो इंटरनेट'. पंखा फक्त राउटरपर्यंतची वाट दाखवतो, पुढची नाही. राउटरकडून लॅपटॉपला पत्ता मिळाला नाही, तर तो १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतो. पंगतीत पान न वाढलेल्या पाहुण्याने स्वतःच पाट मांडून बसावं तसं. ही सोय विंडोज ९८ पासूनची. पत्त्याची सुरुवात अशी दिसली, तर बिघाड राउटर आणि लॅपटॉप यांच्यामध्येच आहे, बाहेरच्या लाइनचा दोष नाही. पत्ता नीट असेल, तर विंडोज व्हिस्टापासून पुढे एक छोटी चाचणी होते. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून चिमूटभर मजकूर मागवायचा, आला तर नेट आहे, नाही आला तर नाही. २०२० मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनंतर ही चाचणीच चुकू लागली आणि नेट धडधडीत चालू असताना नसल्याचं सांगू लागली. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला गुगल आणि रेलटेलचं मोफत वाय-फाय सुरू झालं, तेव्हा स्टेशनवर लॅपटॉप उघडणाऱ्यांची गत याच्या बरोबर उलट होती. जोडलं गेलं, रेंज भरपूर, पण फोन नंबर आणि ओटीपी मागणारं पान जोवर समोर येत नाही तोवर सगळं ठप्प.

परदेशी बाजारांसाठीही बनलेल्या अनेक राउटरांच्या पोटाखालच्या स्टिकरवर एफसीसीचं एक बारीक इंग्रजी वाक्य असतं. हे यंत्र दुसऱ्याला हानिकारक त्रास देणार नाही आणि दुसऱ्याचा येईल तो त्रास सोसेल, मग त्याने काम बिघडलं तरी, असा त्याचा मतलब. त्याच स्टिकरवर पुष्कळदा मूळ पासवर्डही छापलेला असतो, तेव्हा घर रंगवताना तो खरवडून टाकू नये.